ई-सायकलची मोटर पंचविसाला का थांबते?

नवी ई-सायकल घेऊन गेलेले ग्राहक पहिल्या सर्व्हिसिंगला आले की हमखास विचारतात, "ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे मोटर साथच देत नाही. बिघाड आहे का?" बिघाड नाही. ती तशीच बनवलेली असते.

मागच्या चाकाच्या एका तारेवर छोटं चुंबक बसवलेलं दिसेल. चाकाच्या प्रत्येक फेरीला ते सेन्सरसमोरून जातं. फेऱ्या आणि चाकाचा घेर यांवरून कंट्रोलर वेग काढतो आणि ठरलेला आकडा आला की मोटरची मदत काढून घेतो. मर्यादा मोटरला आहे, तुमच्या पायांना नाही. जोरात पॅडल मारून किंवा उतारावर तुम्ही तिसापर्यंत गेलात तरी त्यात काही गैर नाही.

युरोपीय संघात 250 वॅटची मोटर आणि ताशी 25 किलोमीटर या हद्दीत राहिली तरच ती कायद्याने सायकल. कॅनडात हीच मर्यादा 32 आहे. 45 पर्यंत मदत करणाऱ्या सायकलीही मिळतात, पण युरोपात त्या मोपेडमध्ये मोडतात. मग नंबरप्लेट, विमा, हेल्मेट सगळं आलं.

मोटरच्या वेगमर्यादेचं हे लॉक काढून द्या, असं आम्हाला वरचेवर सांगितलं जातं. आम्ही ते करत नाही, आणि त्याचं कारण फक्त कायदा नाही. पुढे कुणी आडवं आलं, तर ब्रेकवर हात जायला एक सेकंद लागतो असं धरा. तेवढ्यात 25 च्या वेगात सायकल 7 मीटर पुढे गेलेली असते, 45 ला साडेबारा. धडकेतली ऊर्जा तर सव्वातीन पट होते. ब्रेक मात्र तेच राहतात. असं लॉक काढलेल्या सायकली दुरुस्तीला येतात तेव्हा डिस्क तापून निळसर पडलेली असते आणि पॅड पत्र्यापर्यंत झिजलेले असतात. मागे मूल बसवायची सीट लावलेली दिसली की आमच्या पोटात गोळा येतो.

आता हवामानाचं. बेताच्या वेगात ई-सायकलला किलोमीटरमागे साधारण 10 वॅट-तास वीज लागते, म्हणजे एका युनिटमध्ये जवळपास 100 किलोमीटर. विजेवरच्या मोटारीला तेवढ्याच अंतराला पंधरा युनिट किंवा त्याहून जास्त लागतात. पेट्रोलचं म्हणाल तर एक लिटर जाळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ही सगळी बचत कमी वेगावर आणि हलक्या वजनावर उभी आहे. वेग वाढवला की वारा कापण्यातच वीज जाते, म्हणून मोठी बॅटरी लागते, तिच्यासाठी जड फ्रेम लागते, आणि एवढं ओझं पायांनी ओढवत नाही. पॅडल नावालाच उरतं. शिवाय सायकलींच्या मार्गावर सुसाट गाड्या धावू लागल्या, तर आधी म्हातारी माणसं आणि मुलं तिथून बाहेर पडतात. मुलांना शाळेत सोडायला मग पुन्हा मोटारच निघते.

मोटर पंचविसाच्या बरीच आधी बंद होत असेल, तर मात्र सायकल जरूर घेऊन या. बहुतेकदा चुंबक तारेवरून सरकलेलं असतं, किंवा टायर बदलताना वेगळ्या मापाचा बसवलेला असतो आणि कंट्रोलरमध्ये जुनाच घेर राहिलेला असतो. दोन्ही कामं तुमच्यासमोर, उभ्याउभ्या होतात.