आजीच्या हुमणाचं माप

तिरफळ घातलेलं बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली माशाची आमटी, गोव्यातल्या बहुतेक घरांत त्याच आठ जिनसांचं होतं: बांगडे, ओला नारळ, सुक्या मिरच्या, धणे, हळद, तिरफळं, सोलं (कोकमाची सुकवलेली सालं), मीठ. तरी आजीच्या हातचं हुमण पुढच्या पिढीला जसंच्या तसं जमत नाही. वहीत जिन्नस असतात. वाटण किती बारीक, पाणी किती आणि कुठली वस्तू कधी पडली, हे मात्र वहीत नसतं. या तिन्ही गोष्टी मोजता येतात, आणि आजी स्वतः रांधते आहे तोवरच त्या मोजून ठेवायला हव्यात.

आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वास असतो. घास चावताना वासाचे रेणू घशामागून नाकात चढतात. बाकीच्या इंद्रियांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस या मधल्या केंद्राकडे जातात. वासाचे संदेश तो टप्पा न घेता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांजवळ पोचतात. स्वीडनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धांना वास देऊन आठवणी विचारल्या, तेव्हा सर्वाधिक आठवणी वयाच्या दहा वर्षांच्या आतल्या निघाल्या. शब्द देऊन विचारल्यावर त्या अकरा ते वीस वर्षांच्या दरम्यानच्या निघाल्या. म्हणूनच हुमणात काहीतरी कमी आहे हे नातवाला पहिल्या घासाला कळतं, पण नेमकं काय कमी आहे ते सांगता येत नाही.

बहुतेक वेळा ते वाटणात सापडतं. ओल्या खोबऱ्यात सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश आणि जवळपास निम्मं पाणी असतं. रगड्यावर खोबरं चिरडलं जातं, स्निग्धांशाचे बारीक थेंब पाण्यात पसरतात आणि खोबऱ्यातलीच प्रथिनं त्या थेंबांभोवती पापुद्रा धरून त्यांना वेगळं ठेवतात. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा, दोन्ही स्निग्धांशात विरघळणारे. मिरची खोबऱ्याबरोबर वाटली की ते रसात उतरतात. मिरचीपूड वरून घातलेलं हुमण म्हणूनच फिकं दिसतं आणि जिभेला जास्त झोंबतं.

मिक्सरमध्ये गडबड होते ती उष्णतेमुळे. खोबऱ्याचं तेल २४ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. पाणी कमी घालून भांडं सलग फिरवत राहिलं, तर वाटण तापतं, थेंब एकमेकांत मिसळतात, तेल सुटतं आणि रस रवाळ होतो. चार मध्यम बांगड्यांसाठी १५० ग्रॅम खोवलेलं खोबरं, आठ सुक्या मिरच्या, एक छोटा चमचा धणे आणि अर्धा चमचा हळद घ्या. मिरच्या आधी वीस मिनिटं भिजवा. मिरच्या, धणे आणि हळद थोड्या पाण्यात पूर्ण बारीक झाल्यावरच खोबरं घाला. कठीण वस्तू आधी वाटल्या नाहीत तर त्या बारीक होईपर्यंत खोबऱ्याचं तेल सुटलेलं असतं. एकूण १५० मिलिलिटर गार पाणी थोडं थोडं घालत, वीस-वीस सेकंद थांबत फिरवा. बोटांच्या चिमटीत कण लागला नाही की झालं. काही घरांत यात चमचाभर तांदूळ वाटतात. त्यातला स्टार्च रस दाट करतो आणि फुटू देत नाही.

तिरफळ वाटणात कधीच जात नाही. हे झाड लिंबाच्या कुळातलं. त्याचा वास फळाच्या सालीतल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. आतली काळी बी कडवट आणि कचकचीत, ती काढून टाकायची. जीभ आणि ओठ झिणझिणतात ते सांशूल गटातल्या रेणूंमुळे. तिरफळाच्या चिनी भावंडावर लंडनमध्ये झालेल्या एका प्रयोगात ती झिणझिण ओठांना सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखी जाणवते असं दिसलं. चार बांगड्यांना दहा तिरफळं पुरतात. ती किंचित ठेचून दोन चमचे पाण्यात ठेवा आणि बांगड्यांबरोबर पाण्यासकट हुमणात ओता. वाटली तर कडू होतात, फार आधी घातली तर वास वाफेबरोबर निघून जातो. तिरफळाच्या हुमणात सहसा कांदा-लसूण नसतो, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या वासाखाली तिरफळ दबून जातं.

आता सोलं. माशाचा उग्र वास येतो ट्रायमिथिलअमाइनमुळे. आम्लाशी त्याचा क्षार बनला की ते हवेत उडत नाही आणि वास बसतो. पण तेच आम्ल खोबऱ्याच्या रसाला अडचणीचं, कारण सामू (pH, आंबटपणाचं माप) ४ च्या आसपास खोबऱ्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि रस फुटतो. म्हणून आधी वाटण ३०० मिलिलिटर पाण्यात ढवळत उकळी येईपर्यंत तापवायचं, मग आच मंद करून बांगडे आणि तिरफळं, आणि पाच मिनिटांनी पाच-सहा सोलं. आणखी तीन मिनिटांत गॅस बंद. मासे पडल्यावर पळी घालायची नाही, कुंडलं (मातीचं भांडं) धरून हलवायचं. सोलं मुळात खारवलेली असतात, तेव्हा शेवटचं मीठ त्यांच्यानंतरच. उतरवल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल घातलं तर नारळाचा जो वास उकळताना गेला तो थोडा परत येतो.

आजीला मध्येच थांबवून मापं विचारू नका, तिचा हात बिघडतो. मिठाचा, मिरच्यांचा, सोलांचा डबा आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. फरक हेच तिचं माप. रिकामं भांडं आणि तयार हुमणासकट भांडं, दोन्ही तोला. सर्वांत जास्त निसटतं ते मिक्सर किंवा रगडा धुवून घेतलेलं पाणी. ते कुणीच जिन्नस म्हणून लिहीत नाही, आणि चवीत तर त्याचाच मोठा फरक पडतो. वाटण तव्यावर पसरवून त्याचा फोटो काढा, उकळी आल्यापासूनची वेळ लिहा.

कालच्या कोडीचीही, म्हणजे आदल्या दिवशीच्या उरलेल्या हुमणाचीही, वेगळी नोंद हवी. पुष्कळांच्या आठवणीतली चव दुसऱ्या सकाळच्या, पेजेबरोबर खाल्लेल्या, आटवलेल्या रसाची असते. रात्रभरात सोलं आणखी आंबटपणा सोडतात, आणि आटवताना पाणी गेल्यामुळे मीठ, तिखट आणि आंबट तिन्ही वाढतात. म्हणून उद्यासाठी राखायचा रस वेगळा काढून त्यातली सोलं आदल्या रात्रीच उपसा आणि मीठ थोडं कमी ठेवा. तो दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. त्याने चेहरा लाल होतो, अंगावर गांध्या उठतात. एकदा तयार झालेलं हिस्टामाइन कितीही उकळलं तरी जात नाही, म्हणून बाजारातून आणलेला बांगडाही शिजेपर्यंत बर्फात ठेवा.