तुमचा कुत्रा खोकतोय? बोर्डिंगला आणण्याआधी हे माहितीपत्रक वाचा

नमस्कार,

सांगली-मिरज रस्त्यावरच्या आमच्या बोर्डिंगमध्ये तुम्ही आपला कुत्रा सोडून निर्धास्तपणे गावाला जाता. लग्न, यात्रा, दिवाळी, मुलांची मे महिन्याची सुट्टी, कारण कोणतंही असो, चार दिवसांनी तो जसा सोडला तसाच हाती द्यायचा ही आमची जबाबदारी. एका उन्हाळ्यात ती आम्हाला पाळता आली नाही. त्या अनुभवातून हे पत्रक लिहिलंय.

त्या मे महिन्यात एक लॅब्रॅडॉर आमच्याकडे आला. धडधाकट, खाण्यापिण्यात कुठे कमी नाही. सोडताना घरचे म्हणाले, "जरा ठसका लागतोय, पाणी घाईनं पितो ना." आम्हीही ते मनावर घेतलं नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या खोलीतला स्पिट्झ खोकायला लागला आणि दहा दिवसांत नऊपैकी सात कुत्र्यांना ढास लागली. मोठी सहा आपोआप सावरली, पण तीन महिन्यांच्या एका पिल्लाला न्यूमोनिया झाला. आठ दिवस सलाईन आणि इंजेक्शनं, रात्रभर उशाशी बसणं. पिल्लू वाचलं. लॅब्रॅडॉरच्या घरच्यांनी काही लपवलं नव्हतं. तो खोकला आहे हे त्यांना कळलं नव्हतं, आणि आम्हालाही नाही. म्हणून आधी खोकला ओळखायचा कसा ते बघू.

खोकला, ओकारी की उलटी शिंक?

"घशात काहीतरी अडकलंय" असं म्हणत लोक आमच्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांच्या कुत्र्याच्या घशात काहीच नसतं. संसर्गाचा खोकला, ज्याला डॉक्टर केनेल कफ म्हणतात, तो कोरडा आणि मोठ्या आवाजाचा असतो. हंस ओरडावा तसा. कुत्रा मान पुढे काढतो, पाठीला बाक देतो, चार-सहा वेळा जोरात खोकतो आणि शेवटी ओकारी काढल्यासारखं करून थोडा पांढरा फेस टाकतो. हा फेस बघून घरच्यांना वाटतं, पित्त झालंय. पण खरी उलटी होते तेव्हा आधी पोट हलतं, ओठ चाटले जातात, अस्वस्थपणा येतो आणि मग पोटातलं बाहेर पडतं. इथे आधी खोकला, मग फेस. एवढा क्रम लक्षात ठेवलात तरी अर्धं निदान झालं.

उलटी शिंक वेगळी. कुत्रा एका जागी उभा राहतो, कोपरं बाहेर काढतो आणि नाकानं घोरल्यासारखी हवा आत ओढत राहतो. बघणाऱ्याला वाटतं की याचा जीव जातोय. काही सेकंदांत, फार तर मिनिटाभरात थांबतं आणि तो शेपटी हलवत फिरायला लागतो. क्वचित होत असेल तर घाबरायचं कारण नाही. फक्त हळूच गळा चोळा.

सगळ्यात उपयोगी काम म्हणजे मोबाईलवर व्हिडिओ काढणं. दवाखान्यात नेलं की कुत्रा हमखास खोकायचा थांबतो. अर्ध्या मिनिटाचा आवाजासकट व्हिडिओ डॉक्टरांना दाखवलात तर तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त कळतं. खोकला कधी येतो तेही लिहून ठेवा: पट्टा ओढल्यावर, पळाल्यावर, पाणी प्यायल्यावर, की रात्री झोपेत.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे

कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतोय, तोंडातून लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदललाय किंवा घोगरा झालाय, तर कृपया त्याच्या तोंडात हात घालू नका. पिसाळीत, म्हणजे रेबीजमध्ये, घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात आणि कुत्रा अगदी हाड अडकल्यासारखा दिसतो. हाड काढायला म्हणून लोक हात घालतात आणि लाळ हाताच्या बारीक चिरेतून आत जाते. असं झालंच असेल तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून उद्यावर ढकलू नका. आपल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर, यात आम्ही कुणालाही सूट देत नाही.

संसर्गाचा खोकला पसरतो कसा

हा एका जंतूचा आजार नाही. बोर्डेटेला नावाचा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा आणि अ‍ॅडिनो हे विषाणू, कधी एकटे तर कधी मिळून श्वासनळी सुजवतात. खोकल्यातून उडणारे थेंब, एकाच भांड्यातलं पाणी, नाकाला नाक लावून केलेली ओळख, एवढं पुरतं. लागण झाल्यापासून खोकला सुरू व्हायला साधारण 2 ते 14 दिवस लागतात, त्यामुळे सोडताना ठणठणीत असलेला कुत्रा घरी गेल्यावर खोकायला लागू शकतो. तसं झालं तर आम्हाला जरूर कळवा. आम्हाला बाकीच्यांच्या घरी फोन करायचे असतात.

धष्टपुष्ट कुत्रा एक ते तीन आठवड्यांत बरा होतो. तोवर त्याला पळवायचं नाही, गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घालायचा, मऊ खाणं द्यायचं. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ धरायची आणि दहा मिनिटं त्याला घेऊन बसायचं. वाफेनं बराच आराम पडतो. पिल्लं, म्हातारी कुत्री आणि पग-बुलडॉगसारखी चपट्या नाकाची यांच्या बाबतीत मात्र वाट बघू नका, पहिल्याच दिवशी दाखवा.

खोकल्याबरोबर डोळ्यांत चिपडं, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, ताप आणि जुलाब असतील तर डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराची शंका घ्यायची. पुढे स्नायू उडणं, झटके येणं हेही दिसू शकतं. यावर खात्रीचं औषध नाही, पण लस चांगलं काम करते. ज्याला आपण 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' म्हणतो त्या इंजेक्शनात डिस्टेंपर, अ‍ॅडिनो आणि पॅराइन्फ्लुएन्झा येतात. बोर्डेटेलाची लस त्यात नसते, ती वेगळी घ्यावी लागते. ती सगळ्या दवाखान्यांत मिळतेच असं नाही, तेव्हा आधी फोन करून विचारा आणि गावाला जायच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका. शरीराला तयार व्हायला दिवस लागतात.

प्रत्येक खोकला साथीचा नसतो

आठ-दहा वर्षांचा पामेरियन किंवा स्पिट्झ रात्री खोकतो, जिना चढला की धापतो, झोपताना जागा बदलत राहतो, तर हृदय तपासून घ्या. डॉबरमन, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींतही हृदयाचे स्नायू कमजोर होतात. इथे घरी करता येण्यासारखी एक सोपी मोजणी आहे. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक, असं 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. पाय हलवत स्वप्न बघत असेल तर थांबा. आकडा 30 च्या आत हवा. दोन-तीन रात्री सारखा त्याच्या वर येत असेल तर डॉक्टरांकडे जा. आमच्याकडे वयस्कर पाहुण्यांचा हा आकडा रोज रात्री पाटीवर लिहिला जातो, आणि तुम्ही फोन केलात की आम्ही तो सांगतो.

छोट्या जातींत श्वासनळी चपटी होण्याचा आजार असतो. पट्टा ओढला किंवा आनंदानं उड्या मारल्या की हंसासारखा आवाज येतो. त्यांना हार्नेसच हवा, आणि वजन आटोक्यात.

पिल्लांच्या खोकल्यात जंतही असू शकतात. गोलकृमींची अळी फुप्फुसातून प्रवास करते. मळ्यावरच्या कुत्र्यांना आणखी एक जंत होतो, तो शेणकिडे खाल्ल्यानं. त्याच्या गाठी अन्ननलिकेत होतात, कुत्रा खाल्लेलं बाहेर टाकतो, खोकतो, वाळत जातो. जंताची साधी गोळी त्यावर चालेलच असं नाही, तेव्हा कुत्रा शेण उकरतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मग आपल्या भागातली हवा. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात, गंधकाची धुरळणी होते. उसाचं पाचट पेटतं, थंडीत धूर खालीच बसतो आणि त्यात दिवाळीचे फटाके. धुरानं, धुळीनं खोकला येतो आणि जागा बदलली की थांबतो. फवारणीच्या दिवशी कुत्रा बागेबाहेर बांधा. फवारणीनंतर लाळ, थरथर, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, जुलाब आणि श्वासाला त्रास असं एकत्र दिसलं तर ती विषबाधा असू शकते. औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो घेऊन तडक दवाखाना गाठा.

घरगुती उपाय करताना

सांगली हळदीचं गाव, त्यामुळे हळद-दूध, काढा, तुपात कालवलेली मिरपूड हे सगळं होतं. चिमूटभर हळदीनं काही बिघडत नाही. बिघडतं ते जबडा उघडून घशात ओतल्यानं. खोकणाऱ्या कुत्र्याचा घोट चुकतो, द्रव श्वासनळीत जातो आणि साध्या खोकल्याचा न्यूमोनिया होतो. काहीही द्यायचं तर त्यानं स्वतः चाटून घ्यावं.

माणसांची औषधं देऊ नका. आयबुप्रोफेननं पोटात व्रण होतात आणि किडनी जाते. पॅरासिटामॉलही धोक्याचं. खोकल्याच्या काही सिरपमध्ये, विशेषतः शुगरफ्री, साखरेऐवजी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली आणतं. कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्याही नकोत. शिवाय फुप्फुसात कफ साठलेला असताना खोकला दाबणं घातकच.

डिजिटल थर्मामीटर घरात असू द्या. गुदद्वारातून मोजलेलं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असेल तर ठीक, 103 च्या वर गेलं तर दवाखाना. नाक कोरडं म्हणजे ताप, हे खरं नाही.

जीभ किंवा हिरड्या निळसर-पांढऱ्या, पोट आत-बाहेर करत श्वास, मान ताणून बसणं आणि आडवं न होणं, रक्त पडणं, भोवळ येणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र-दिवस बघू नका. निघण्याआधी डॉक्टरांना फोन करा. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा, तोंडाला मुसकं बांधू नका. इथल्या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला सांगितलं तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता येतं.

आमच्याकडे आणताना

लसीचं कार्ड सोबत लागतं. चार महिन्यांखालचं पिल्लू आम्ही आता ठेवत नाही. खोकला असेल किंवा घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला असेल तर बुकिंग पुढे ढकला, भरलेली रक्कम पूर्ण परत मिळेल. खोकला थांबल्यावरही दोन आठवडे जाऊ द्या, कारण बरा दिसणारा कुत्राही जंतू सोडत असतो. तोवर शेजारच्या कुत्र्यांशी, बागेतल्या कुत्र्यांशी भेट नको.

प्रवासात खोकला सुरू झाला आणि तुम्ही दारात येऊन पोहोचलात, तर कुत्र्याला गाडीतून उतरवू नका. आम्हाला फोन करा, आम्ही बाहेर येऊन गाडीपाशीच बघतो आणि जवळच्या दवाखान्यापर्यंत तुमच्याबरोबर येतो.