कमी आवाजाची पॉइंट टू-टू काडतुसं

घराच्या मागच्या आवारात किंवा तळघरात कागदावर नेम धरून सराव करायचाय आणि शेजाऱ्यांची झोपमोडही करायची नाहीये, अशा वेळी जी कमी ताकदीची .२२ (म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीच्या गोळीची) रिमफायर काडतुसं वापरतात त्यांच्याबद्दल ही नोंद. प्रकार मुख्यतः अमेरिकेतला, तिकडे गावाबाहेर थोडी जमीन असलेल्या माणसाकडे .२२ रायफल असणं म्हणजे आपल्याकडे घरात कोयता असण्याइतकं साधं. तरी शहराच्या हद्दीत बंदूक उडवायला तिथेही बऱ्याच ठिकाणी बंदी आहे आणि नियम गावागणिक बदलतात, त्यामुळे काडतूस कितीही शांत असलं तरी आधी तिथला नियम बघायचा.

रिमफायर म्हणजे ज्याच्या पितळी पुंगळीच्या बुडाच्या कडेतच पेट घेणारा मसाला भरलेला असतो असं काडतूस, त्या कडेवर आघात झाला की पेटतं. याची सुरुवातच मुळी घरातल्या नेमबाजीतून झालीय. १८४५ मध्ये फ्रान्सच्या लुई-निकोला फ्लोबेरने ठोका बसला की पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीतच गोळी बसवली, वेगळी बंदुकीची दारू नाहीच, नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी जायची. यालाच पुढे बीबी कॅप म्हणायला लागले, आणि युरोपात श्रीमंतांच्या दिवाणखान्यात या बंदुकांनी नेम मारायचा खेळ चालायचा. बव्हेरियात त्सिमरश्टुत्सन नावाची, म्हणजे शब्दशः खोलीतली आखूड रायफल, १५ मीटरवर नेम मारायला वापरायचे. मग १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरबरोबर .२२ शॉर्ट आलं, १८८७ मध्ये .२२ लाँग रायफल (हे बंदुकीचं नाही, काडतुसाचंच नाव), आणि आज जगभर .२२ म्हटलं की हे शेवटचंच डोळ्यापुढे येतं.

आता आवाजाचं. लोक सरसकट "बंदुकीचा आवाज" म्हणतात पण तो एक नसतो. नळीच्या तोंडातून दाबातला वायू एकदम बाहेर पडतो त्याचा धमाका हा पहिला. दुसरा गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जात असेल तर हवेत होणारा चाबकासारखा कडकडाट, हा गोळी जिथून जिथून जाते तिथे तिथे ऐकू येतो. तिसरा गोळी लक्ष्यावर आपटल्याचा. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक असेल, तर तिच्या बोल्टचा, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाचा, खडखडाट वेगळाच. काडतूस बदलून यातले पहिले दोन कमी होतात, तिसरा आपण लक्ष्य कसलं लावलंय त्यावर, आणि बरेच जण इथेच फसतात, महागडं शांत काडतूस आणतात आणि लोखंडी पत्र्यावर मारतात, मग ठणठणाट गल्लीभर.

२० अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. नेहमीचं हाय व्हेलॉसिटी .२२ लाँग रायफल ३८० मीटरच्या आसपास जातं म्हणजे कडकडाट ठरलेलाच. स्टँडर्ड व्हेलॉसिटी ३२५ च्या आसपास, तो कडकडाट गेला पण धमाका राहिला. आणि एक बारीक गोष्ट, उणे १० अंशाच्या थंडीत आवाजाचा वेगच ३२५ पर्यंत उतरतो, म्हणजे उन्हाळ्यात गप्प असलेलं तेच काडतूस तिकडच्या हिवाळ्यात कडाडू शकतं.

खरी शांतता याच्या बरीच खाली मिळते. सीसीआय कंपनीचं सीबी शॉर्ट किंवा सीबी लाँग, २९ ग्रेनची म्हणजे जेमतेम १.९ ग्रॅमची गोळी, वेग २१६ मीटरच्या आसपास. त्याच कंपनीच्या क्वाएट-२२ चा वेगही तेवढाच पण गोळी पूर्ण ४० ग्रेनची, त्यामुळे ती लक्ष्यावर जास्त जोरात बसते. सर्वात खालच्या टोकाला मेक्सिकोच्या आगिला कंपनीचं कोलिब्री, स्पॅनिशमध्ये कोलिब्री म्हणजे हमिंगबर्ड, २० ग्रेनची गोळी, दारू अजिबात नाही, वेग ११४ मीटर, म्हणजे फ्लोबेरचीच जुनी कल्पना नव्या पुंगळीत. पण कोलिब्री रायफलमध्ये वापरू नका असं कंपनी स्वतः सांगते, कारण लांब नळीत गोळीचा जोर संपून ती आतच अडकू शकते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. आवाज नेहमीपेक्षा विचित्र आला किंवा कागदावर भोक दिसलं नाही तर थांबायचं, रायफल रिकामी करायची आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं, हे अंगवळणी पडायलाच हवं.

रायफलसाठी म्हणून सीबी किंवा क्वाएट बरं, कोलिब्री पिस्तुलाला. लांब नळीत दारू पूर्ण जळून वायूचा दाब तोंडाशी येईपर्यंत उतरलेला असतो, म्हणून तेच काडतूस पिस्तुलापेक्षा रायफलमधून खूप गप्प वाजतं. बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट हातानेच मागेपुढे करायची रायफल असली, तर उत्तम, कारण इतक्या कमी जोरावर बहुतेक सेमी-ऑटोमॅटिकचा बोल्ट मागे जातच नाही, दर वेळी हाताने ओढावा लागतो. शॉर्ट लांबीची काडतुसं लाँग रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, खूप वापरली की पुढे काजळीचं कडं साचतं आणि मग लांब काडतूस नीट बसत नाही, ते अधूनमधून ब्रशने साफ करायचं. शिवाय प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, दोनतीन प्रकारच्या डब्या आणून १५-२० मीटरवर पाचपाच गोळ्या मारून बघितल्याशिवाय काही कळत नाही, आणि हळू गोळी लवकर खाली येते त्यामुळे नेम धरायची साइटही परत लावावी लागते.

आवाज कमी म्हणून हे खेळणं समजणारे भेटतात आणि मला त्यांची काळजी वाटते. सीबीची गोळी तोंडाशी ४४ जूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते, माणूस मरू शकतो, आणि शिशाची हळू गोळी दगडावरून, गोठलेल्या जमिनीवरून, पाण्यावरूनसुद्धा उसळून भलतीकडे जाते. त्यामुळे काडतूस निवडायच्या आधी मागचा आडोसा. मातीचा जाड बांध सर्वात चांगला, नाहीतर गोळी खाली वळवणारा तिरक्या पोलादी पत्र्याचा बुलेट ट्रॅप, लाकडी फळी चालत नाही. चष्मा हवा, आणि शांत काडतुसालाही कानाचं संरक्षण घाला, साध्या .२२ रायफलचा आवाज कानाजवळ १४० डेसिबलच्या आसपास असतो. तळघरात मारत असाल तर शिशाचा विचार करा. गोळीत शिसं आणि बहुतेक काडतुसांच्या पेटत्या मसाल्यातही शिसं, ते धुरातून श्वासात जातं, त्यामुळे हवा बाहेर ओढणारा पंखा हवा, कोरडा झाडू मारायचा नाही, नंतर हात धुवायचे आणि लहान मुलांना तिथे रांगू द्यायचं नाही.

भारतात हे असं चालत नाही. .२२ ला शस्त्र परवाना लागतो आणि सराव रेंजवरच. घरी करायचा तर ४.५ मिलिमीटरची, २० जूलपर्यंतची एअर रायफल, तिला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पण .२२ मराठी माणसाला परकी मुळीच नाही, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम मारायच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारातलं, कांस्य आणलं, दोन्ही याच .२२ लाँग रायफलवर. आणि त्या स्पर्धांची महागडी मॅच काडतुसंही आवाजाच्या वेगाच्या जरा खालीच ठेवलेली असतात, ३३० मीटरच्या आसपास, पण तिथे कारण शेजारी नसतात, तो वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डगमगते आणि नेम बिघडतो म्हणून.