ला रोशफूकोच्या नीतिवचनांमागचा पराभव

"आपले सद्गुण म्हणजे बहुधा वेश पालटलेले दुर्गुणच असतात." फ्रेंच सरदार फ्रांस्वा द ला रोशफूको याच्या नीतिवचनांच्या संग्रहाच्या आरंभी हे वाक्य येते, आणि गेली साडेतीन शतके ते मूळ संग्रहापासून सुटून एकटेच फिरत आहे. तसे सुटे वाचले की ते एखाद्या तुसड्या माणसाने रागाच्या भरात काढलेल्या उद्गारासारखे वाटते. प्रत्यक्षात त्याच्यामागे एक फसलेले बंड आहे, चेहऱ्यावर बसलेली बंदुकीची गोळी आहे, ईश्वरी कृपेविषयीचा एक कडवा धर्मवाद आहे आणि पॅरिसमधल्या एका विधवेच्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षे चाललेली चर्चा आहे. ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल, तर त्या वाक्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द नेमका आपल्या नजरेतून निसटतो. तो शब्द आहे 'बहुधा'.

ला रोशफूकोचा जन्म १६१३ साली पॅरिसमध्ये, फ्रान्सच्या अत्यंत जुन्या घराण्यांपैकी एका घराण्यात झाला. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्याचे लग्न लावून देण्यात आले आणि लवकरच तो सैन्यात व दरबारात वावरू लागला. त्या काळी राज्याची सूत्रे कार्डिनल रिशेल्यूच्या हाती होती आणि सरदारांचे परंपरागत अधिकार एकेक करून राजसत्तेकडे ओढून घेणे हे त्याचे धोरण होते. तरुण ला रोशफूकोने राणी ॲन हिचा पक्ष धरला. त्यापायी १६३७ मध्ये त्याला आठवडाभर बास्तीच्या तुरुंगात राहावे लागले आणि नंतर आंगूम्वा प्रांतातल्या व्हेर्तय येथील आपल्या गढीत जवळजवळ हद्दपारीचे दिवस काढावे लागले. १६४२ मध्ये रिशेल्यू आणि १६४३ मध्ये राजा तेरावा लुई मरण पावला. राणी आता अज्ञान राजाच्या, म्हणजे आपल्या मुलाच्या वतीने राज्य करू लागली, तेव्हा आपल्या निष्ठेचे चीज होईल अशी ला रोशफूकोची स्वाभाविक अपेक्षा होती. पण राणीचा सारा विश्वास नव्या मंत्र्यावर, माझारिनवर बसला. ला रोशफूकोच्या मागण्यांपैकी एक होती ती आपल्या पत्नीला राणीच्या उपस्थितीत स्टुलावर बसण्याचा मान मिळावा ही. आज ही मागणी क्षुल्लक वाटेल. त्या समाजात मात्र कोण कोणासमोर बसू शकतो यावरच माणसाची किंमत ठरत असे, आणि म्हणून तो नकार त्याला किती झोंबला असेल हे समजून घेणे अवघड नाही.

१६४८ मध्ये 'फ्रोंद' नावाने ओळखले जाणारे बंड पेटले. फ्रोंद म्हणजे गोफण. पॅरिसमधली पोरे गोफणीने दगड मारून खिडक्यांच्या काचा फोडत, त्यावरून हे नाव पडले. नव्या करांविरुद्ध न्यायसभांनी केलेल्या विरोधातून सुरू झालेली ही चळवळ पाहता पाहता बड्या सरदारांच्या हाती गेली, आणि तिथे तिचे स्वरूप पार बदलले. माझारिनला हटवणे हे सर्वांचे घोषित उद्दिष्ट होते. परंतु प्रत्येकाच्या मनात स्वतःचा एक हिशोब होता, कुणाला सुभेदारी हवी होती, कुणाला सेनापतिपद, तर कुणाला जुन्या अपमानाचा सूड, आणि त्यामुळे या पाच वर्षांत माणसे ज्या सहजतेने पक्ष बदलत गेली, त्या सहजतेचा विचार केल्याखेरीज निष्ठा, औदार्य, शौर्य या शब्दांबद्दल ला रोशफूकोच्या मनात पुढे जो अविश्वास निर्माण झाला तो कळूच शकत नाही. तो स्वतः या हिशोबांपासून अलिप्त नव्हता. सेनापती कोंदेची बहीण मादाम द लाँगव्हील हिच्यावरचे प्रेम आणि दरबारात वर चढण्याची आकांक्षा या दोन्ही गोष्टी त्याच्या बंडखोरीत अशा मिसळल्या होत्या की कुठली कुठे संपते हे त्यालाही सांगता आले नसते. १६५० मध्ये राजाज्ञेने त्याची व्हेर्तयची गढी पाडली गेली. २ जुलै १६५२ रोजी पॅरिसच्या पूर्व वेशीवर, सँतांत्वान उपनगरातल्या लढाईत त्याच्या चेहऱ्यावर गोळी लागली आणि काही काळ त्याची दृष्टी गेली. पुढच्या वर्षी बंड संपले. माझारिन विजयी होऊन परतला, लाँगव्हीलबरोबरचा संबंध त्याआधीच तुटला होता, आणि चाळिशीला आलेला हा सरदार हाती काहीही न लागता आपल्या जहागिरीवर परतला.

प्रेमाकडून आकांक्षेकडे माणूस पुष्कळदा जातो, पण आकांक्षेकडून प्रेमाकडे क्वचितच परत येतो, असे त्याचे एक वचन आहे. वासनांना आपण आवरतो ते आपल्या बळापेक्षा त्यांच्या दुबळेपणामुळेच जास्त, असे दुसरे आहे. ही वचने कुण्या व्यासंगी पंडिताने अभ्यासिकेत बसून रचलेली नाहीत. ज्याने दोन्ही वाटा तुडवल्या आणि दोन्हीकडून तो रिकाम्या हाताने परतला, त्याचा हा अनुभव आहे.

तरीही केवळ अनुभवातून असा विचार उभा राहत नाही. त्याला त्या काळातल्या एका मोठ्या वैचारिक संघर्षाचा आधार होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, यादवी युद्धांनी होरपळलेल्या युरोपात सेनेका आदी रोमन स्टोइक विचारवंतांना नवे वाचक मिळाले होते. युस्टुस लिप्सियसचा स्थैर्यावरचा ग्रंथ १५८४ चा. विवेकाच्या बळावर माणूस आपल्या विकारांचा स्वामी होऊ शकतो, ही त्या विचाराची मूळ धारणा होती, आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या फ्रेंच रंगभूमीवरचे कर्तव्यासाठी प्रेमाचा बळी देणारे नायक याच धारणेचे देखणे रूप होते. देकार्तनेही १६४९ च्या आपल्या ग्रंथात विकार स्वभावतः वाईट नसतात, त्यांचा दुरुपयोग तेवढा टाळायचा असतो, असे आश्वासक प्रतिपादन केले होते.

या आत्मविश्वासाला सर्वांत कठोर उत्तर आले ते धर्मशास्त्राकडून. यीप्रचा बिशप यान्सेन याने सेंट ऑगस्टीनच्या शिकवणीवर लिहिलेला प्रचंड ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाला. आदिपापामुळे मानवी इच्छाशक्ती मुळातच भ्रष्ट झाली आहे, ईश्वरी कृपेवाचून माणूस खरे सत्कृत्य करूच शकत नाही, आणि ज्या रोमन वीरांचे आपण गोडवे गातो त्यांचे सद्गुणही ईश्वराकडे वळलेले नसून स्वतःच्या गौरवाकडे वळलेले असल्यामुळे मूलतः गर्वच होते, असा या विचाराचा रोख होता. पोपने १६५३ मध्ये या ग्रंथाच्या नावावर मांडलेल्या पाच विधानांचा निषेध केला. फ्रान्समध्ये मात्र पोर रॉयलच्या मठाभोवती जमलेल्या मंडळींनी हा विचार जिवंत ठेवला, आणि पास्कालसारखा गणिती त्यांच्या बाजूने लेखणी घेऊन उतरला.

मादाम द साब्ले या विधवा सरदारपत्नीने पॅरिसमधल्या पोर रॉयलच्या मठाला लागूनच घर घेतले होते. ला रोशफूकोच्या विचाराला आकार आला तो या घरात. इथे धर्म आणि दरबार यांच्यातली भिंत पातळ होती. ऑगस्टीनच्या विचारात मुरलेला जाक एस्प्री इथे नेहमी येत असे. साब्ले, एस्प्री आणि ला रोशफूको या तिघांमध्ये वचने रचून एकमेकांकडे पाठवण्याचा जणू परिपाठ पडला. एकाने विषय काढावा, दुसऱ्याने वाक्य करावे, तिसऱ्याने त्यातले दोन शब्द कापावेत. उरलेल्या पत्रांतून हा व्यवहार अगदी घरगुती वाटतो. साब्लेच्या स्वयंपाकघराची ख्याती मोठी होती, आणि एका पत्रात ला रोशफूको आपल्याजवळची सारी वचने पाठवून देतो व त्यांच्या बदल्यात तिच्याकडे गाजराचे सूप आणि मटणाचा रस्सा मागतो. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. माणसाच्या मनाविषयी इतके निष्ठुर लिहिणारी ही मंडळी परस्परांच्या स्नेहात, एकमेकांच्या ताटात काय आहे याची चौकशी करत लिहीत होती.

या साऱ्या वचनांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, तिला फ्रेंचमध्ये 'आमूर-प्रॉप्र' म्हणतात. मराठीत तिला नेमका प्रतिशब्द सापडत नाही. 'अहंकार' म्हटले तर त्यातला उघड ताठा पुढे येतो. 'स्वार्थ' म्हटले तर सगळे फायद्या-तोट्यावर येऊन थांबते. षड्रिपूंमधला 'मद' तर आणखीच अपुरा, कारण हा विकार सहांपैकी एक नाही, तो सहाही जणांना कामाला लावणारा आहे. 'स्वतःवरची आसक्ती' असे म्हणता येईल. ही आसक्ती वेळ पडली तर नम्र होते, उदार होते, स्वतःविरुद्ध कटही करते, पण मरत नाही. आपल्याकडच्या वाचकाला इथे बृहदारण्यकातले याज्ञवल्क्याचे मैत्रेयीशी झालेले संभाषण आठवेल, ज्यात पती, पत्नी, पुत्र, वित्त हे सारे आत्म्यासाठीच प्रिय असतात असे सांगितले आहे. परंतु याज्ञवल्क्य तिथून आत्म्याच्या दर्शनाकडे नेतो. ला रोशफूकोच्या वाटेवर पुढे असे दार नाही, आणि ही त्याच्या विचारातली खरी थंडी आहे.

१६६३ मध्ये साब्लेने वचनांच्या हस्तलिखित प्रती परिचितांमध्ये फिरवून त्यांचे अभिप्राय मागवले. लेखिका मादाम द ला फायेत ही तेव्हा तिशीतही नव्हती. अशा गोष्टी सुचायला मनात आणि हृदयात केवढी विकृती असली पाहिजे, अशा अर्थाचे तिने लिहिले. पुढे हीच स्त्री त्याची अखेरपर्यंतची सर्वांत जवळची मैत्रीण झाली. १६६४ मध्ये हॉलंडमध्ये एक चोरटी आवृत्ती निघाली, तेव्हा ला रोशफूकोला स्वतःची अधिकृत आवृत्ती काढणे भाग पडले. ती १६६५ मध्ये पॅरिसमध्ये, त्याचे नाव न छापता प्रसिद्ध झाली. तिच्या मुखचित्रात सत्यप्रेमाचे प्रतीक असलेला एक बालक सेनेकाच्या अर्धपुतळ्यावरचा हसरा मुखवटा काढून घेताना दाखवला होता. स्टोइकांशी असलेले भांडण याहून स्पष्ट करणे शक्य नव्हते.

नव्यानेच सुरू झालेल्या एका विद्वत्पत्रिकेसाठी साब्लेने पुस्तकाचा परिचय लिहिला आणि प्रसिद्धीपूर्वी तो लेखकाला दाखवला. त्यात प्रशंसेबरोबर विरोधकांचे आक्षेपही होते. छापून आलेल्या परिचयात आक्षेपांचा परिच्छेद नव्हता. स्वतःवरच्या आसक्तीचा सर्वांत मोठा जाणकारही तिच्यातून सुटला नव्हता, आणि माझ्या मते यामुळे त्याच्या म्हणण्याला बाध येण्याऐवजी बळच येते, कारण आपण या नियमाला अपवाद आहोत असा दावा त्याने कधी केलेला नाही.

१६६५ ते १६७८ या काळात पाच आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी त्याने हात फिरवला. शेवटच्या आवृत्तीत ५०४ वचने आहेत. दुसऱ्या आवृत्तीत त्याने स्वतःवरच्या आसक्तीचे वर्णन करणारे पहिले प्रदीर्घ वचनच काढून टाकले. ईश्वराचे उल्लेख गळत गेले, त्यामुळे धर्मवादातून आलेला विचार हळूहळू निव्वळ निरीक्षण म्हणून उभा राहिला. सर्वांत लक्षणीय बदल मात्र छोट्या शब्दांचा आहे. आधी जिथे सरसकट विधान होते तिथे 'पुष्कळदा', 'बहुधा', 'सामान्यतः' असे शब्द आले. सद्गुणांविषयीचे ते प्रसिद्ध वाक्य १६७५ च्या चौथ्या आवृत्तीपासून ग्रंथाच्या दर्शनी भागी आले, तेही 'बहुधा' घेऊनच. हे बदल टीकाकारांना चुचकारण्यासाठी होते असे म्हणता येईल, आणि काही अंशी ते खरेही असेल. मला मात्र त्यात वयाबरोबर आलेली प्रामाणिकता दिसते: बनावट सद्गुण ओळखायचा असेल तर कुठेतरी खरा सद्गुण असतो हे गृहीत धरावेच लागते. दांभिकपणा ही दुर्गुणाने सद्गुणाला दिलेली मानवंदना आहे, हे त्याचे वचनही हेच गृहीत धरते.

जून १६७२ मध्ये फ्रेंच सैन्याने ऱ्हाईन नदी ओलांडली तेव्हाच्या चकमकीत त्याचा एक मुलगा मारला गेला आणि थोरला जखमी झाला. त्याच दिवशी मादाम द लाँगव्हीलचा तरुण मुलगाही पडला; तो ला रोशफूकोचाच होता हे सर्वांना ठाऊक होते. बातमी आली तेव्हा आपल्या पत्रांसाठी प्रसिद्ध असलेली मादाम द सेव्हिन्ये त्याच्यापाशी हजर होती. त्या क्रूर प्रसंगात त्याचे हृदय आपल्याला उघडे दिसले, आणि धैर्य व कोमलता यांत त्याच्या तोडीची माणसे आपण फार थोडी पाहिली, असे तिने आपल्या मुलीला कळवले. इतरांची दुःखे सोसण्याइतके बळ आपल्या सर्वांपाशी असते, असे लिहिणाऱ्या या माणसाला आता स्वतःचे दुःख सोसायचे होते. मार्च १६८० मध्ये तो वारला.

त्यानंतर या विचाराला फाटे फुटत गेले. १७१४ मध्ये मूळच्या डच असलेल्या मँडेव्हिल या लेखकाने लंडनमध्ये व्यक्तीच्या दुर्गुणांतूनच समाजाचे हित साधते असा सिद्धान्त मांडून ला रोशफूकोच्या खिन्न निरीक्षणाला बाजाराचे तर्कशास्त्र जोडले. रूसोने १७५५ मध्ये स्वसंरक्षणापुरते निरागस स्वप्रेम आणि इतरांशी तुलनेतून जन्मणारी स्वतःवरची आसक्ती यांत भेद करून दोष मानवी स्वभावावरून समाजावर नेला. ॲडम स्मिथने १७५९ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात ला रोशफूको आणि मँडेव्हिल यांना एकाच पंक्तीत बसवले आणि सद्गुण-दुर्गुणांतला भेदच पुसणारे म्हणून दोघांवरही टीका केली. ला रोशफूकोच्या घराण्यातल्या एका वंशजाला हे लागले आणि त्याने १७७८ मध्ये स्मिथला पत्र लिहून पूर्वजाची बाजू मांडली: ज्याने हे लिहिले त्याने माणसे दरबारात आणि यादवीत पाहिली होती, जिथे ती इतर ठिकाणांपेक्षा नक्कीच वाईट असतात. स्मिथला हे पटलेले दिसते. त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १७९० मध्ये निघालेल्या सहाव्या आवृत्तीत त्याने त्या प्रकरणातून ला रोशफूकोचे नाव वगळले, मँडेव्हिलचे तसेच ठेवले.