बाळंतपणानंतरचं गर्भनिरोधक: पात्रता कशी ठरते, कागद कोणते लागतात, कुठली मुदत चुकवू नये

बाळंतपणानंतर दवाखान्यात गर्भनिरोधकाची चौकशी केली की बऱ्याच बायकांना एकच उत्तर मिळतं: ‘हे तुम्हाला चालणार नाही.’ बाई घरी येते, विषय मागे पडतो आणि वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहतात. मात्र या ‘चालणार नाही’चा अर्थ बहुतेक वेळा ‘आत्ता चालणार नाही’ एवढाच असतो. कधीपासून चालेल, हे विचारायचं राहून जातं. हा लेख त्या ‘कधीपासून’बद्दल आहे.

पात्रता कोण ठरवतं?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली गर्भनिरोधकांसाठी वैद्यकीय पात्रतेचे निकष पहिल्यांदा प्रसिद्ध केले. त्यांची पाचवी आवृत्ती २०१५ साली आली. कित्येक देशांनी आपापली नियमावली याच निकषांवर बेतली आहे. प्रत्येक साधन आणि बाईची प्रत्येक अवस्था यांची सांगड घालून त्यात एक श्रेणी दिलेली असते. श्रेणी १ म्हणजे काहीच अडचण नाही. श्रेणी २ म्हणजे थोडा धोका आहे, पण फायदा त्याहून मोठा, त्यामुळे साधन वापरता येतं. श्रेणी ३ मध्ये धोक्याचं पारडं सहसा जड असतं. दुसरं काही मिळत नसेल किंवा चालत नसेल, तरच डॉक्टरांच्या देखरेखीखाली विचार करायचा. श्रेणी ४ म्हणजे वापरूच नये.

तेव्हा डॉक्टर किंवा नर्स नाही म्हणाल्या, तर सरळ विचारा: ‘माझी श्रेणी कोणती, आणि ती कधी बदलेल?’ असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही. उत्तर कार्डावर लिहून घ्या.

बाळंतपणानंतर श्रेणी मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. किती दिवस झाले आणि बाळ अंगावर पितं का. बाकीचं सगळं, म्हणजे रक्तदाब, रक्तस्राव, चालू औषधं, त्यानंतर येतं.

पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका

बीजांड पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे बाळंतपणानंतर पहिली पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात. बाळ अंगावर पीत नसेल, तर साधारण चौथ्या आठवड्यातच बीजांड सुटू शकतं. म्हणून अशा आईने २१व्या दिवसापासून काही ना काही संरक्षण धरावं.

बाळ पूर्णपणे अंगावर पीत असेल, तर तेच एक गर्भनिरोधक ठरतं. मात्र त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नसावी, आणि बाळाला वरचं काही नको. म्हणजे दिवसा-रात्री दोन्ही वेळा पाजणं चालू असावं, फार मोठा खंड पडू नये. अटी नीट पाळल्या तर ही पद्धत ९८ टक्क्यांहून अधिक परिणामकारक आहे. पहिल्या आठ आठवड्यांत अंगावरून रक्त गेलं, तर ते यात पाळी म्हणून धरत नाहीत. तिन्हींपैकी एक अट जरी मोडली, म्हणजे बाळाला वरचं दूध सुरू केलं किंवा आई कामावर जायला लागून पाजण्यात मोठे खंड पडू लागले, तर त्याच दिवसापासून दुसरं साधन लागतं. ते आधीच ठरवून, आणून ठेवलेलं बरं.

तांबी: ४८ तासांची खिडकी

मुदत सगळ्यात सहज चुकते ती इथे. कॉपर-टी, जिला आपण तांबी म्हणतो, ती बाळंतपणानंतर पहिल्या ४८ तासांत श्रेणी १ मध्ये येते, बाळ अंगावर पीत असो वा नसो. ४८ तास उलटले की ती श्रेणी ३ मध्ये जाते आणि चार आठवडे पूर्ण होईपर्यंत तिथेच राहते. त्यानंतर पुन्हा श्रेणी १. म्हणून बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी ‘तांबी बसवू या का’ असं विचारलं, तर ‘आता नाही’ हेच उत्तर योग्य असतं. आदल्या दिवशी विचारलं असतं, तर बसवून मिळाली असती.

सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे वार पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटं. गर्भाशयाचं तोंड उघडंच असतं. लांब चिमट्याने किंवा हाताने तांबी गर्भाशयाच्या अगदी वरच्या टोकाला ठेवतात. सिझेरियन असेल, तर पोटाचा छेद उघडा असतानाच गर्भाशय शिवण्याआधी ती आत ठेवता येते. गर्भाशय अजून मोठं असल्यामुळे तांबीचा दोरा सुरुवातीला हाताला लागत नाही. पुढच्या आठवड्यांत गर्भाशय आकसतं तसा तो खाली येतो. लगेच बसवलेली तांबी आपोआप बाहेर पडण्याचं प्रमाण नंतर बसवलेल्यापेक्षा जास्त असतं, हेही आधी सांगायला हवं. म्हणून सहा आठवड्यांच्या आसपास एकदा तपासणी करून घ्यायची. एवढी काळजी घेतली, तर मला हा सौदा फायद्याचा वाटतो, कारण ‘सहा आठवड्यांनी या’ म्हटलेल्या सगळ्या बायका परत येऊ शकतात असं नाही.

बाळंतपणात जंतुसंसर्ग झाला असेल, तर मात्र तांबी तेव्हा बसवायची नाही, ती श्रेणी ४ आहे. संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर पुन्हा विचार करता येतो.

हार्मोनची तांबीही याच वेळापत्रकाने चालते. फरक एवढाच की बाळ अंगावर पीत असेल, तर पहिल्या ४८ तासांत ती श्रेणी २ मध्ये धरतात.

गोळ्या, इंजेक्शन, इम्प्लांट

गोळ्या दोन तऱ्हेच्या असतात, आणि त्यांची गल्लत झाली तर त्रास आईला आणि बाळाला होतो. नेहमीच्या मिश्र गोळ्यांत प्रोजेस्टोजेन आणि इस्ट्रोजेन अशी दोन हार्मोन असतात. बाळंतपणानंतर काही आठवडे पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो. इस्ट्रोजेनने तो आणखी वाढतो, शिवाय दुधावर परिणाम होण्याची शक्यता असते. म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईसाठी या गोळ्या पहिले सहा आठवडे श्रेणी ४, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत श्रेणी ३ आणि पुढे श्रेणी २ मध्ये येतात. न पाजणाऱ्या आईला पहिले २१ दिवस त्या देत नाहीत. २१ ते ४२ दिवसांत उत्तर तिच्या प्रकृतीवर ठरतं, आणि ४२ दिवसांनंतर बाळंतपणामुळे काही अडचण उरत नाही.

फक्त प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळ्या आणि दंडाच्या कातडीखाली बसवायचा इम्प्लांट पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा आठवड्यांतही श्रेणी २, म्हणजे चालतात. त्यानंतर श्रेणी १. तीन महिन्यांचं इंजेक्शन पाजणाऱ्या आईसाठी पहिले सहा आठवडे श्रेणी ३ असतं, पुढे श्रेणी १. या इंजेक्शनबद्दल एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. ते थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात. तांबी किंवा इम्प्लांट काढल्यावर असा उशीर होत नाही. दुसऱ्या बाळाचा विचार लवकरच असेल, तर निवड करताना हे मोजायला हवं. जिवंत बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायला किमान २४ महिन्यांचं अंतर ठेवावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

कंडोम कधीही, कागदाविना, पहिल्या संबंधापासून चालतो. लैंगिक आजारांपासूनही वाचवणारं साधन तेवढं एकच.

परिणामकारकतेचा अंदाज असावा म्हणून: रोजच्या व्यवहारात जसं वापरलं जातं तसं धरलं, तर वर्षभरात शंभर बायकांपैकी इम्प्लांटवर एकीहून खूप कमी, तांबीवरही एकीपेक्षा कमी, इंजेक्शनवर साधारण ४, गोळ्यांवर ७ आणि पुरुषांच्या कंडोमवर १३ जणींना दिवस राहतात. जिथे रोज आठवण ठेवावी लागते, तिथे आकडा चढतो. रात्र-रात्र जागणाऱ्या बाळंतिणीकडून रोज ठरल्या वेळी गोळीची अपेक्षा करताना तिच्या घरच्यांनी हा फरक नजरेसमोर ठेवावा.

कागद: डिस्चार्ज कार्ड फायलीत बंद करून ठेवू नका

तात्पुरत्या साधनांसाठी सहसा मोठी कागदपत्रं लागत नाहीत. ओळखपत्र आणि केसपेपर पुरतो. मात्र पात्रता नीट ठरायची तर डिस्चार्ज कार्ड बरोबर हवंच. त्यावरची प्रत्येक ओळ कामाची असते. बाळंतपणाची तारीख आणि वेळ असेल, तर ४८ तास आणि आठवडे मोजता येतात. सिझेरियन झालं का, जास्त रक्त गेलं का, रक्त चढवावं लागलं का, गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, याच नोंदींवरून गुठळीचा धोका ठरतो आणि २१ ते ४२ दिवसांतलं मिश्र गोळ्यांचं उत्तर बदलतं. कार्डावर या नोंदी अर्धवट असतील, तर घरी निघण्यापूर्वी पूर्ण करून घ्या. नंतर त्या कोणालाच नीट आठवत नाहीत.

रक्तदाबाचे जुने आकडे असलेला कागदही न्या. आत्ताचा दाब १४०/९० किंवा वर असेल, तर मिश्र गोळ्या श्रेणी ३, आणि १६०/१०० किंवा वर असेल, तर श्रेणी ४. दाब फक्त गरोदरपणात वाढून आता उतरला असेल, तर श्रेणी २. डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमक किंवा वेड्यावाकड्या रेषा दिसत असतील, तर ते न विचारताही सांगा. अशा अर्धशिशीत मिश्र गोळ्या श्रेणी ४ मध्ये येतात.

चालू औषधांची चिठ्ठी तितकीच महत्त्वाची. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधं गोळ्यांचा असर कमी करतात. तांबी आणि तीन महिन्यांचं इंजेक्शन यांना मात्र ती अडथळा आणत नाहीत.

कायमचं ऑपरेशन: इथे सहीला घाई नको

बाईच्या नसबंदीला बाळंतपणानंतर दोन वेळा मिळतात: पहिले सात दिवस, किंवा सहा आठवडे उलटल्यानंतर. पहिल्या दिवसांत गर्भाशय बेंबीपर्यंत वर असतं, त्यामुळे बेंबीखालच्या लहानशा छेदातून नळ्या सहज सापडतात. मधल्या काळात ऑपरेशन पुढे ढकलतात. बाळंतपणात गंभीर रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा आकडी (झटके) येण्यापर्यंत वाढलेला रक्तदाब झाला असेल, तरीही ते पुढेच ढकलतात.

या ऑपरेशनला मात्र कागद लागतात: वयाचा आणि ओळखीचा पुरावा, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि लेखी संमतीपत्र. वयाची अट, संमती आणि ऑपरेशन यांत किती दिवस जायला हवेत, हे देशोदेशीच्या कायद्यांत वेगळं असतं. म्हणून सातव्या महिन्यातच दवाखान्यात विचारून ठेवावं. संमतीपत्र बाईला समजणाऱ्या भाषेत हवं. हे ऑपरेशन कायमचं आहे, दुसरी तात्पुरती साधनं आहेत, क्वचित ऑपरेशन फसू शकतं आणि टेबलावर जाईपर्यंत नाही म्हणता येतं, या चार गोष्टी त्यात लिहिलेल्या असाव्यात आणि वाचूनही दाखवाव्यात.

कळा देत असताना किंवा सिझेरियनच्या टेबलावर पुढे केलेल्या कागदावर सही करू नका, घरच्यांनीही करायला लावू नका. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१४ साली एकत्र निवेदन काढून सक्तीची आणि दबावाखालची नसबंदी थांबवायला सांगितलं, त्यामागे जगभरच्या बायकांचे असेच अनुभव होते. हा निर्णय तिचा आहे. नवऱ्याने किंवा सासूने तिच्या वतीने घेतलेला निर्णय संमती ठरत नाही.

आणि घरात कायमच्या ऑपरेशनची चर्चा निघालीच आहे, तर पुरुष नसबंदीचंही नाव घ्यावं. ते ऑपरेशन लहान असतं, पोट उघडावं लागत नाही, बाळंतपणाच्या मुदतीशी त्याचा संबंध नाही, बायको गरोदर असतानाही करता येतं. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईलाच पुन्हा टेबलावर झोपवायचं, हे अनेक घरांत विचार न करता ठरतं आणि ते मला पटत नाही. ऑपरेशननंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत हे पाहून मगच थांबवायचं.

साधन घेतल्यावर कार्डावर काय हवं

तांबी किंवा इम्प्लांट बसवल्यावर मिळणाऱ्या कार्डावर साधनाचा प्रकार, बसवल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि ते कोणत्या वर्षी बदलायचं हे असलं पाहिजे. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षं चालते. इंजेक्शनच्या कार्डावर पुढच्या डोसची तारीख हवी. साधन सोसत नसेल आणि ते काढायला गेलात, तर ‘नको आहे’ एवढं सांगणं पुरेसं आहे. ताप, घाण वासाचा स्राव, पोटात वाढत जाणारी कळ, पायाच्या पोटरीला सूज येऊन दुखणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं यांपैकी काही झालं, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

साधन ठरायच्या आधीच असुरक्षित संबंध आला, तर बाळंतपणाच्या पहिल्या २१ दिवसांत तातडीच्या गोळीची गरज नसते. त्यानंतर लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी पाजणाऱ्या आईलाही घेता येते. शक्य तितक्या लवकर, तीन दिवसांच्या आत घेतली तर उत्तम. युलिप्रिस्टल ही दुसरी तातडीची गोळी घेतली, तर एक आठवडा अंगावरचं दूध बाळाला न देता काढून टाकायचं. बाळंतपणाला चार आठवडे होऊन गेले असतील, तर संबंधापासून पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवून घेता येते, आणि तीच पुढे नेहमीचं साधन म्हणून ठेवता येते.