झाकणाखालची जागा : गेम कन्सोलची साठवण आणि गुपचूप बदलणारी मॉडेलं

सोनीच्या प्लेस्टेशन ४ च्या पहिल्या मॉडेलवर डावीकडे एक चकचकीत पट्टी आहे. बाकी सगळा डबा मॅट, तेवढाच भाग काचेसारखा. तिच्यावर तळवा ठेवून बाहेरच्या अंगाला सरकवलं की ती अलगद निघते. खाली एक मोठा स्क्रू दिसतो. त्याच्या डोक्यावर त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन अशी कंट्रोलरवरचीच चार चिन्हं कोरलेली आहेत. तो काढला की हार्ड डिस्कचा ट्रे बाहेर ओढता येतो. ट्रेचे चार स्क्रू काढले की जुनी डिस्क हातात येते. तिच्या जागी लॅपटॉपची अडीच इंची डिस्क बसते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते तीच साधी डिस्क. मग पेन ड्राइव्हवर एक फोल्डर, त्यात दुसरा फोल्डर, त्यात सोनीच्या साइटवरून उतरवलेली सिस्टीमची फाइल. चहा होईपर्यंत ५०० जीबीचं मशीन १ टीबीचं झालेलं असतं.

हे काम मी पहिल्यांदा घरच्या जेवणाच्या टेबलावर केलं. तेव्हा सगळ्यात जास्त आवडला तो तो स्क्रू. कोणीतरी कंपनीत बसून ठरवलं होतं की गिऱ्हाईक हे झाकण उघडणार आहे आणि उघडेल तेव्हा त्याला बरं वाटलं पाहिजे. कन्सोलच्या इतिहासात असं क्वचितच घडलंय. साठवणीची जागा कोणाच्या ताब्यात असावी, यावरून कंपन्यांनी प्रत्येक पिढीत वेगळा निर्णय घेतला. पुष्कळदा तर एकाच पिढीत, नाव तेच ठेवून, आतलं मशीन बदलून तो निर्णय फिरवला.

सुरुवातीला साठवण हा प्रकारच नव्हता. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले टीव्ही गेम हे बहुतेक निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला होते. त्यांच्या कॅसेटमध्ये गेम होता, पण खेळणारा कुठवर पोचला हे लक्षात ठेवायला काही नव्हतं. लाइट गेले की मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर. जपानमध्ये निन्टेंडोने २१ फेब्रुवारी १९८६ ला फॅमिकॉमसाठी डिस्क सिस्टीम आणली. तिच्या चपट्या चुंबकी डिस्कवर गेमही असे आणि खेळातली प्रगतीही. दुकानातल्या यंत्रावर ५०० येन दिले की त्याच डिस्कवर नवा गेम लिहून मिळायचा. 'लेजंड ऑफ झेल्डा' पहिल्यांदा आला तो याच डिस्कवर. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत गेला तेव्हा तिथे डिस्क सिस्टीम नव्हती, म्हणून सोनेरी कॅसेटच्या आत छोटीशी मेमरी आणि तिला जागं ठेवायला नाण्याएवढी बॅटरी घातली. ती बॅटरी संपली की सेव्ह गेलं. अशा जुन्या कॅसेट उघडून बॅटरी बदलण्याचं काम संग्राहक आजही करतात.

डिसेंबर १९९४ मध्ये आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनने गेम सीडीवर नेला. सीडीवर लिहिता येत नाही, म्हणून सेव्हसाठी वेगळं मेमरी कार्ड आलं. त्याची क्षमता १२८ केबी, म्हणजे वापरायला १५ ब्लॉक. एखादा गेम एक ब्लॉक घ्यायचा, एखादा अधाशासारखा चार-पाच. कुठलं सेव्ह पुसायचं यावरून भावाबहिणींत भांडणं होत. ही पिढी मॉडेल बदलण्यासाठीही आठवते. सुरुवातीच्या मशीनमध्ये लेझर ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर सरकतो ती झिजायची, शिवाय तो भाग पॉवर सप्लायच्या शेजारी असल्याने तापायचा. लोक मशीन उलटं ठेवून गेम चालवत. सोनीने नंतरच्या मॉडेलांत लेझर दुसरीकडे हलवला आणि ही कटकट मिटवली. त्याबरोबर मागची काही जोडणीची भोकंही एकेक करून गेली, आणि १९९९ च्या सुमाराच्या मॉडेलातून पॅरलल पोर्टही नाहीसा झाला.

दुरुस्तीच्या निमित्ताने काहीतरी काढूनही घ्यायचं, हा क्रम इथून पुढे सतत दिसतो.

प्लेस्टेशन २ मध्ये कार्ड ८ एमबीचं झालं, आधीच्या ६४ पट. जाड मॉडेलच्या मागे एक रिकामा कप्पाही होता. नेटवर्क अॅडॉप्टर लावून त्यात साडेतीन इंची हार्ड डिस्क बसवायची सोय होती. सोनीने अमेरिकेत २००४ मध्ये ४० जीबीची डिस्क विकलीही. पण त्याच वर्षी सडपातळ मॉडेल आलं. ७.८ सेंटिमीटरचं मशीन २.८ सेंटिमीटरवर आलं, वजन ९०० ग्रॅम. यातल्या काही मशीनांत दोन मोठ्या चिप एकत्र करून एकच केलेली होती. भारतात अनेकांनी पाहिलेलं प्लेस्टेशन २ म्हणजे हेच. ते देखणं होतं यात वाद नाही, पण डिस्कचा कप्पा त्यात उरला नाही.

हार्ड डिस्क आधीपासून बसवलेला पहिला मोठा कन्सोल मायक्रोसॉफ्टचा. नोव्हेंबर २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये ८ जीबीची डिस्क होती. काहींत प्रत्यक्षात १० जीबीची असे, पण वापरायला ८ च मिळत. डीव्हीडीवरचा मजकूर आधी डिस्कवर घेऊन गेम लवकर सुरू व्हायचा, स्वतःच्या सीडीवरची गाणी मशीनमध्ये भरून गेमच्या मागे वाजवता यायची, मेमरी कार्डाची कुरबुर संपली. खेळणाऱ्याच्या दृष्टीने ही चैनच होती, कंपनीच्या दृष्टीने मात्र मोठा खर्च. तेव्हा चिप काही वर्षांनी लहान आणि स्वस्त होत जायची. डिस्कचं तसं नसतं. तिच्यात मोटर आहे, फिरणारी तबकडी आहे, वाचणारं डोकं आहे, धातूचं कवच आहे. क्षमता कितीही कमी धरली तरी या सामानाची किंमत ठरावीक पातळीखाली जात नाही. म्हणून मशीनची किंमत उतरवताना मायक्रोसॉफ्टला घाम फुटला.

या डिस्कला कुलूपही होतं. प्रत्येक डिस्क आपापल्या बोर्डाशी एका किल्लीने बांधलेली, आणि ती किल्ली बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये. दुसरी डिस्क आणून लावली तर मशीन तिला ओळखत नाही. आज वीस-पंचवीस वर्षांनी त्या डिस्क मरायला लागल्यात. ज्यांनी वेळेवर किल्लीची प्रत काढून ठेवली त्यांना मशीन नव्या डिस्कवर चालवणं सोपं जातं. भरीस भर म्हणजे शेवटचं मॉडेल सोडून बाकी सगळ्यांत घड्याळ चालू ठेवणारा एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, आहे. तो फुटून आतला द्रव बोर्डावर पसरतो आणि तांब्याच्या रेघा खातो. ज्यांच्या माळ्यावर जुना एक्सबॉक्स पडून असेल त्यांनी तो आधी उघडून हा कपॅसिटर काढून टाकावा. त्याच्याशिवाय मशीन चालतं, फक्त तारीख लक्षात राहत नाही.

पहिल्या मशीनच्या खर्चाचा धडा एक्सबॉक्स ३६० मध्ये दिसला. नोव्हेंबर २००५ मध्ये ते दोन रूपांत आलं : महागात २० जीबीची डिस्क, स्वस्तात डिस्कच नाही. त्यामुळे डिस्क आहे असं गृहीत धरायची मुभा गेम बनवणाऱ्यांना राहिली नाही. जोडायची डिस्क आतून साधी लॅपटॉपचीच असे, पण तिच्यावर मायक्रोसॉफ्टची खूण लिहिलेली असल्याशिवाय मशीन ती घेत नसे. २००७ मध्ये १२० जीबीची डिस्क सुटी विकली गेली ती जवळजवळ १८० डॉलरला. यूएसबी पेन ड्राइव्हवर सेव्ह ठेवायची परवानगी यायला एप्रिल २०१० उजाडलं, तीही एका ड्राइव्हवर १६ जीबीपर्यंतच.

३६० ची दुसरी कहाणी म्हणजे लाल दिवे. आतले जोड तापून आणि थंडावून तुटत, मशीन बंद पडे आणि पुढच्या वर्तुळाचे तीन भाग लाल होत. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. त्यानंतरची मॉडेलं म्हणजे या एका दुखण्यावरचे उपचारच. आधी प्रोसेसर लहान केला, मग ग्राफिक्सची चिप, आणि २०१० च्या नव्या घडणीत दोन्ही एका चिपमध्ये आले. २०१० च्या आधीचे डबे मात्र दुकानात सारखेच दिसत. आतलं काय ते ओळखायला जाणकार लोक मागच्या लेबलावरचे वॉट आणि अँपिअर वाचत. जुनं मशीन घेताना दुकानदार म्हणायचा, ‘सगळे सेमच आहेत.’ ते सेम नसायचे.

याच काळात सोनीने उलट टोक गाठलं. नोव्हेंबर २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये बाजूचं झापड उघडलं की एक निळा स्क्रू. तो काढून बाजारातली कुठलीही साटा जोडणीची अडीच इंची डिस्क घाला, वॉरंटीला धक्का नाही. मला ही त्या पिढीतली सगळ्यात उदार गोष्ट वाटते. आणि त्याच मशीनमधून सोनीने किती काय काढून घेतलं तेही पाहायला हवं. पहिल्या ६० जीबीच्या मॉडेलमध्ये प्लेस्टेशन २ च्या खऱ्या चिप होत्या, चार यूएसबी होते, कॅमेऱ्याची कार्डं वाचायची सोय होती. २००७ च्या ४० जीबीच्या मॉडेलपर्यंत प्लेस्टेशन २ चे गेम चालवणं गेलं, कार्डं गेली, यूएसबी दोनच राहिले. २००९ च्या सडपातळ मॉडेलमध्ये लिनक्स ही कंप्युटरची सिस्टीम टाकायची सोय नव्हती. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने ती जुन्या मशीनमधूनही काढली. ज्यांनी तिच्यासाठी पैसे मोजले होते त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरले : अपडेट घ्या आणि सोय सोडा, नाहीतर अपडेट नाकारा आणि ऑनलाइन खेळणं सोडा. विकलेल्या वस्तूतला भाग असा घरात येऊन काढून नेणं मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही.

प्लेस्टेशन ४ ने झाकण कायम ठेवलं, एक्सबॉक्स वनने बंद केलं. पण मायक्रोसॉफ्टने जून २०१४ मध्येच बाहेरून यूएसबी डिस्क जोडून तिच्यावरून गेम चालवायची सोय दिली. सोनीला त्यासाठी मार्च २०१७ लागलं. निन्टेंडोचा स्विच ३२ जीबीवर आला आणि भार मायक्रो एसडी कार्डावर टाकला. २०१९ मध्ये त्याच नावाने, त्याच किमतीत, बरीच जास्त बॅटरी देणारा स्विच आला. ओळख काय, तर खोक्याची लाल पार्श्वभूमी.

मग एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली, चिपवरची साठवण आली आणि साठवण हा मशीनचा गाभाच झाला. १८ मार्च २०२० ला प्लेस्टेशन ५ चे रचनाकार मार्क सर्नी यांनी एका भाषणात कारण सांगितलं. फिरत्या डिस्कवर वाचणारं डोकं इकडून तिकडे नेण्यात वेळ जातो, म्हणून एकच वस्तू डिस्कवर अनेकदा लिहून ठेवावी लागते. स्पायडरमॅनच्या गेममध्ये रस्त्यावरच्या टपालपेट्यांसारख्या वस्तूंचा मजकूर ४०० वेळा लिहिलेला होता. एसएसडीत हे करावं लागत नाही. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते. तिची क्षमता ८२५ जीबी हा विचित्र आकडा आला तो आतल्या बारा वाटांच्या मांडणीमुळे. पण वापरायला मिळतात ६६७ जीबी, आणि शंभर जीबीच्या पुढचे गेम आता नवलाचे नाहीत.

जादा एसएसडीसाठी आत एम.२ चा (पट्टीसारख्या लहान एसएसडीचा) खाच पहिल्या दिवसापासून होता, फक्त तो चालू नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये मशीन घेणाऱ्याने सप्टेंबर २०२१ पर्यंत वाट पाहिली. पांढरं झाकण ओढून काढायचं, खाचावरची धातूची पट्टी एका स्क्रूने सोडवायची, एसएसडी तिरकी घालून दाबायची. ती पीसीआय एक्सप्रेस जोडणीच्या चौथ्या पिढीची हवी, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) हवाच, आणि हीटसिंकसकट जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी. विकत घेण्याआधी हा आकडा मोजून बघा, कारण कंप्युटरसाठीचे दणकट हीटसिंक त्यात मावत नाहीत. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स सिरीज एक्ससाठी मागून खुपसायचं कार्ड दिलं. लावायला एका सेकंदाचं काम, पण सुरुवातीला १ टीबीला २२० डॉलर आणि बनवणारी कंपनी एकच. सोनीचा मार्ग कटकटीचा असला तरी बाजारभाव खाली आला तसा गिऱ्हाइकाचा फायदा झाला.

प्लेस्टेशन ५ सुद्धा तेच एक मशीन राहिलेलं नाही. साडेचार किलोचं पहिलं मॉडेल, २०२१ मध्ये त्याहून ३०० ग्रॅम हलकं, २०२२ मध्ये ७ ऐवजी ६ नॅनोमीटरची चिप, २०२३ मध्ये १ टीबीचं सडपातळ. या शेवटच्यात डिस्क ड्राइव्ह काढता-घालता येतो, पण नवा ड्राइव्ह बसवला की एकदा इंटरनेटवरून त्याची मशीनशी गाठ मारून घ्यावी लागते. उद्या तो सर्व्हर नसला तर काय, हा प्रश्न मला वरवरचा वाटत नाही. नोव्हेंबर २०२४ चा २ टीबीचा प्रो आला तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्यातल्या वायफायचा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे खुला नव्हता. २०२५ मध्ये युरोपात डिस्क ड्राइव्ह नसलेलं मॉडेल पुन्हा ८२५ जीबीवर नेलं गेलं. बाहेरून काही कळत नाही. मागचं लेबल वाचायचं, मॉडेल नंबरात सीएफआय या अक्षरांनंतरचे चार आकडे बघायचे.

एम.२ ची जोड मात्र फक्त गेम आणि अॅपसाठी आहे. मूळ एसएसडीच्या चिप बोर्डावर डाख दिलेल्या आहेत, सिस्टीम त्यांच्यावरच राहते, आणि जोडीच्या एसएसडीवरून मशीन सुरू होत नाही. माझ्याकडचं प्लेस्टेशन ३ आतापर्यंत दोनदा डिस्क मरून बंद पडलं. दोन्ही वेळा निळा स्क्रू काढला, नवी डिस्क घातली, सिस्टीम टाकली आणि संध्याकाळी गेम सुरू. प्लेस्टेशन ५ च्या त्या चिप कधी थकतील तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचायला झाकण नाही.