मतदानदिनाचा ॲपल पाय

अमेरिकेत नोव्हेंबरमधील मतदानाच्या दिवसाच्या निमित्ताने भाजला जाणारा सफरचंदाचा पाय. खाली-वर मैद्याची खुसखुशीत पारी आणि मध्ये सफरचंदाचे आंबटगोड सारण, असे त्याचे पारंपरिक रूप. या दिवसासाठी कोणताही ठरलेला विधी नाही. मतदान करून आल्यावर घरी एक तुकडा खायचा, शाळा किंवा चर्चमधील मतदान केंद्राबाहेर मदतनिधीसाठी मांडलेल्या टेबलावर पाय विकायचे आणि रात्री निकालाची वाट पाहत उरलेला संपवायचा, एवढीच ही रीत आहे.

सफरचंदाचा पाय मूळचा इंग्लंडचा. चौदाव्या शतकातील इंग्रजी पाककृतींत सफरचंदांबरोबर अंजीर, मनुका, नाशपाती आणि केशर आढळते. अमेरिकेत वसाहतकऱ्यांनी सफरचंदाच्या बागा लावल्या. मॅसॅच्युसेट्समधील ‘रॉक्सबरी रसेट’ हे वाण सतराव्या शतकातले असून ते आजही पायसाठी नावाजले जाते. अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या १७९६ च्या पुस्तकात सफरचंदाच्या पायला लिंबाची साल, दालचिनी, जायपत्री आणि गुलाबपाणी सांगितले आहे.

मतदानाशी त्याआधी जोडला गेलेला पदार्थ मात्र ‘इलेक्शन केक’ होता. याच पुस्तकाच्या १७९६ मधील ऑल्बनी आवृत्तीत त्याचे प्रमाण ३० क्वार्ट (क्वार्ट म्हणजे साधारण एक लिटरचे माप) पीठ, १० पौंड लोणी, १४ पौंड साखर, १२ पौंड मनुका आणि ३६ अंडी असे आहे, म्हणजे सरळसरळ गावजेवणाचे. कनेक्टिकटमध्ये हार्टफर्ड येथील निवडणुकीचा सोहळा मे महिन्यात होत असे. त्या दिवसांत ताजी सफरचंदे नसत, म्हणून यीस्टने फुगवलेला, मनुका घातलेला केक सोयीचा. पुढे १८४५ च्या कायद्याने अध्यक्षीय निवडणुकीसाठी नोव्हेंबरमधील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरला. तोवर शेतातली कापणी उरकलेली असते आणि उशिरा पिकणारी आंबट सफरचंदे तळघरात साठवलेली असतात. ऋतूच्या हिशेबाने पाहिले तर या तारखेला ॲपल पायच शोभतो.

सफरचंदाची निवड चुकली तर पुढचे कौशल्य वाया जाते. भाजल्यावर फोड अखंड राहावी आणि आंबटपणा टिकावा, अशी जात हवी. ‘नॉर्दर्न स्पाय’, ‘ऱ्होड आयलंड ग्रीनिंग’ आणि ‘ग्रॅनी स्मिथ’ या खात्रीच्या जाती. ‘मॅकिंटॉश’ चवीला सुरेख, पण भट्टीत तिचा लगदा होतो. निम्मी ‘ग्रॅनी स्मिथ’ आणि निम्मी ‘गोल्डन डिलिशस’ किंवा ‘हनीक्रिस्प’ हे मिश्रण सर्वांत समतोल लागते.

२३ सेंमी व्यासाच्या खोलगट पाय-ताटलीसाठी पारीला ३२० ग्रॅम मैदा, २२५ ग्रॅम बिनमिठाचे थंडगार बटर, १ मोठा चमचा साखर, १ लहान चमचा मीठ आणि ९० ते १२० मिली बर्फाचे पाणी लागते. करंजीच्या पारीला मोहन गरम करून घालतात. इथे नेमके उलटे करायचे. बटरचे १ सेंमीचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळावेत आणि वाटाण्याएवढ्या चपट्या गुठळ्या शिल्लक असतानाच थांबावे. भट्टीत या गुठळ्या वितळतात, त्यांतील पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. बटर पूर्ण एकजीव झाले, तर पारी बिस्किटासारखी भुसभुशीत होते, पदर सुटत नाहीत. पाणी चमच्याचमच्याने शिंपडावे. मुठीत दाबल्यावर गोळा जुळून आला की पुरे, पोळीच्या कणकेसारखे मळायचे नाही. मळण्याने ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारा घटक, वाढते, पारी चिवट होते आणि भाजताना आक्रसते. दोन गोळे करून, थोडे चपटे दाबून, झाकून किमान एक तास फ्रिजमध्ये ठेवावेत. रविवारी रात्री करून ठेवले तर जास्तच चांगले.

सारणासाठी सुमारे २ किलो सफरचंदे सोलून ८ मिमी जाडीच्या फोडी कराव्यात. त्यात १०० ग्रॅम पांढरी आणि ५० ग्रॅम ब्राउन साखर, दीड लहान चमचा दालचिनी पूड, पाव लहान चमचा जायफळ पूड, चिमूटभर मीठ आणि १ मोठा चमचा लिंबाचा रस घालावा. कच्च्या फोडी तशाच रचल्या तर वरची पारी आधी कडक होते, फोडी नंतर खाली बसतात आणि मध्ये पोकळी राहते. म्हणून फोडी झाकण ठेवून अगदी मंद आचेवर १५ ते २० मिनिटे वाफवाव्यात, उकळू मात्र देऊ नयेत. ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास सफरचंदातील पेक्टिन (फळाच्या पेशी जोडून ठेवणारा घटक) घट्ट होते, त्यामुळे पुढे तासभर भाजूनही फोडी मोडत नाहीत. मग फोडी चाळणीत निथळाव्यात. खाली जमलेला रस आटवून निम्मा करावा आणि गार झाल्यावर त्यात २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवून तो फोडींना चोळावा. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय पारीत भरू नये. कोमट सारणानेही बटर भट्टीत जाण्याआधीच वितळते.

एक गोळा ३ मिमी जाड लाटून ताटलीत न ताणता बसवावा. ताणलेली पारी भाजताना कडेवरून घसरते. सारण भरून २५ ग्रॅम बटरचे तुकडे वर पेरावेत, दुसरी पारी घालून कडा मुडपाव्यात व मुरड घालावी. वाफ जायला चार-पाच चिरा द्याव्यात. अंड्याचा हात फिरवून थोडी साखर भुरभुरावी आणि पाय २० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा. एक ट्रे खालच्या खणात ठेवून भट्टी २२० अंशांना तापवावी आणि पाय त्या गरम ट्रेवरच ठेवावा. तळ कच्चा आणि ओला राहणे हा या पदार्थातला सर्वांत सार्वत्रिक दोष, आणि त्यावर हाच खरा उपाय आहे. २५ मिनिटांनी आच १९० अंशांवर आणून आणखी ३० ते ४० मिनिटे भाजावे. कडा लवकर करपू लागल्यास त्यांवर फॉइल घालावी. वरचा सोनेरी रंग पाहून फसू नये. मधल्या चिरेतून दाट रस संथपणे बुडबुडू लागला म्हणजेच कॉर्नफ्लोअर शिजले.

यानंतर निदान चार तास थांबणे अपरिहार्य. गरम पाय कापला की रस ताटलीभर वाहतो. तो दाट होतो थंड होतानाच. म्हणून पाय सोमवारी संध्याकाळी भाजावा आणि मंगळवारी मतदान करून आल्यावर कापावा. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम किंवा चेडर चीज असते. व्हरमाँट राज्याने १९९९ मध्ये ॲपल पाय राज्याचा अधिकृत पाय ठरवला, तेव्हा त्याबरोबर थंड दूध, किमान अर्ध्या औंसाचा चेडरचा काप किंवा व्हॅनिला आइस्क्रीमचा मोठा गोळा देण्याचा मनापासून प्रयत्न करावा, असे कायद्यातच लिहिले.

केंद्राबाहेर पाय मांडणाऱ्यांनी आधी कायदा पाहावा. संघीय निवडणुकीत मत देण्याच्या बदल्यात मौल्यवान वस्तू देणे गुन्हा आहे, त्यामुळे ‘मत दिलेल्यांना तुकडा मोफत’ अशी पाटी लावता येत नाही. विक्री सर्वांना खुली ठेवावी. केंद्रापासून किती अंतर राखायचे, हे राज्यागणिक बदलते. जॉर्जियात २०२१ च्या कायद्यानुसार केंद्राच्या इमारतीपासून १५० फुटांच्या आत मतदारांना खाद्यपदार्थ वाटण्यास मनाई आहे.

महाराष्ट्रात हा पाय करताना बाजारात सहज मिळणारे हिमाचली ‘रॉयल डिलिशस’ गोड आणि कमी आंबट असते, शिजल्यावर ते पिठूळही होते. त्यात निम्मी हिरवी ‘ग्रॅनी स्मिथ’ मिसळावीत. ती न मिळाल्यास साखर १०० ग्रॅमवर आणून लिंबाचा रस दुप्पट करावा आणि फोडी वाफवण्याची वेळ निम्मी करावी. बटर खारे असेल तर पारीत मीठ घालू नये. उकाड्यात मैदा, परात आणि लाटणेही फ्रिजमध्ये गार करून घ्यावे. लाटताना पारी चिकटू लागली तर वरून मैदा लावत बसू नये, सरळ पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावी.

थंड हवेत पाय झाकून दोन दिवस बाहेर टिकतो, उष्ण हवेत फ्रिजमध्ये ठेवावा. पुन्हा गरम करायचा तर १७५ अंशांच्या भट्टीत १५ मिनिटे ठेवावा. मायक्रोवेव्हमध्ये पारी मऊ पडते.